डॅन्यूबकाठची कच्च्या विटांची भिंत

श्टुटगार्टहून होयनेबुर्गला, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या लोहयुगातल्या केल्टिक लोकांच्या टेकडीवरच्या किल्ल्यावर, पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. इथली डॅन्यूब अजून पोरसवदा आहे. टेकडीवर पुन्हा उभारलेली पांढरीशुभ्र भिंत दिसली आणि मला थेट आजोळचं धाब्याचं घर आठवलं. मृग लागायच्या आत आजी भिंती लिंपून घ्यायची, नाहीतर पहिल्याच सरीत पोपडे पडायचे.

इथल्या कुणा सरदाराला मात्र पावसाची फिकीर नसावी. इ.स.पू. 600च्या सुमारास त्याने चुनखडीच्या दगडाचा पाया घातला, वर उन्हात वाळवलेल्या विटा रचल्या आणि चुन्याचा गिलावा दिला. ही रीत भूमध्य समुद्राकडची. आजूबाजूला सगळे लाकूड-मातीचे तट. मला तर हा निव्वळ थाट वाटतो. तरी भिंत सत्तरेक वर्षं टिकली! शेवटी आगीत गेली, आणि नंतरचा तट मुकाट्याने पुन्हा लाकूड-मातीचा.

बालेकिल्ला जेमतेम 3 हेक्टर. खरी गंमत बाहेर: कुंपणांची आवारं, घरं, कारागिरांची कामं, मिळून सुमारे 100 हेक्टर. माणसं 5000च्या आसपास, असा अभ्यासकांचा अंदाज. लिपी नाही, नाणं नाही; पण ग्रीक मद्यपात्रांचे तुकडे सापडलेत. याला शहर म्हणायचं की फुगलेलं खेडं, यावर पंडित भांडोत. माझं मत शहराला.

निघताना लेकीने भिंतीवर हात फिरवला. तळवा पांढरा झाला, तो तिने माझ्या काळ्या जॅकेटला पुसला.