तुम्ही विचारलंत म्हणून: हो, अर्थ माहीत आहेत

स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स जुळवून इंग्रजी शब्द मांडायचा खेळ. त्याच्या बोर्डावर क्यू-आय मांडलं की समोरून हमखास येतं, “असा शब्द असतो?” खेळात चालणाऱ्या शब्दांच्या यादीत दाखवलं की लगेच दुसरा प्रश्न: “अर्थ तरी माहीत आहे का, की नुसतं घोकलंय?” पहिल्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्यातला सूर खटकतो. क्यूपुढे यू नसला की शब्द चोरीचाच, असं काहीसं त्यात असतं. म्हणून एकदाचं सविस्तर सांगतो.

क्यू-आय ही चिनी परंपरेतली प्राणशक्ती. क्यू-ए-टी हा येमेन, इथिओपिया, सोमालियात गालात धरून चघळतात तो तरतरी आणणारा पाला. क्यू-ओ-पी-एच हे हिब्रू वर्णमालेतलं एकोणिसावं अक्षर. क्यू-आय-एन-डी-ए-आर म्हणजे अल्बेनियाच्या लेक या चलनाचा शंभरावा भाग. त्याचं अनेकवचन एस लावून होतं तसंच शेवटी के-ए लावूनही होतं, आणि ते दुसरं ऐनवेळी कुणालाच सुचत नाही. उरलेल्यांपैकी बरेच तर आपल्याला शिकवावेच लागत नाहीत: फकीर, काझी, तलाक, बुरखा. कॉलिन्स शब्दकोशाच्या स्क्रॅबल यादीत कव्वाली आणि कोर्माही आहेत. फक्त क्यू-ए-एन-ए-टी दिसलं की तंबूची कनात डोळ्यांपुढे आणू नका. इंग्रजीत तो इराणकडचा जमिनीखालचा पाण्याचा बोगदा आहे, डोंगरपायथ्याचं भूजल उताराने शेतापर्यंत आणणारा.

“पण शाळेत तर क्यूनंतर यू येतोच असं शिकवलं!” शिकवलं ते लॅटिन आणि फ्रेंचमधून आलेल्या शब्दांपुरतं खरं. जुन्या इंग्रजीत राणीचा शब्दसुद्धा सी-डब्ल्यूने लिहीत. 1066 मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्याबरोबर फ्रेंच लेखनपद्धत आली आणि क्यू-यूची जोडी रुजली. अरबी शब्दांना ती लागू होण्याचं कारणच नाही. फिनिशियन लिपीतल्या ज्या अक्षरापासून ग्रीकमार्गे लॅटिन क्यू आला, त्याचेच वंशज हिब्रूतलं कोफ (वरचं क्यू-ओ-पी-एच) आणि अरबीतलं क़ाफ. घशातून खोल उच्चारायच्या या ‘क’साठी रोमन लिपीत क्यू वापरला तो त्यामुळेच. क्यू-आयची गोष्ट निराळी. चीनने 1958 मध्ये स्वीकारलेल्या पिनयिन या, चिनी रोमन लिपीत लिहायच्या पद्धतीत ‘च’च्या जवळचा एक उच्चार क्यूने लिहितात. तोच शब्द जुन्या पद्धतीने सी-एच-आय असाही यादीत सापडतो.

म्हणूनच मी सांगत आलो की शब्द कुठून आला हे कळलं की स्पेलिंग निम्मं हातात आलं. यावर कुणी कॉफी आणि कॉटन पुढे करतं. बरोबर आहे, दोन्ही मुळात क़ाफचेच. पण ते फार आधी, दुसऱ्या भाषांच्या हातांतून फिरून आले, म्हणून सीने लिहिले गेले. फकीर, बुरखा यांना केचं स्पेलिंगही चालतं. थोडक्यात, उगम कळला तरी चालणाऱ्या शब्दांची यादी पाठ करावीच लागते.

आणि पाठ करतानाही लोक फसतात. “क्यू आहे, यू नाही” अशी चाळणी लावून यादी काढली की बुरखा गळतो, कारण त्यात यू आहे, फक्त क्यूच्या आधी. अरबी बाजार, एस-यू-क्यू, तोही तसाच गळतो. चाळणी “क्यूच्या लगेच पुढे यू नाही” अशी हवी. मग ए, डी, आय, क्यू ही चारच अक्षरं घ्या: त्यांतून क्यू-ए-आय-डी होतो आणि क्यू-ए-डी-आयही. पहिला टोळीचा नायक, दुसरा काझी. शेवट डीने करायचा की आयने, यावर पुढच्या खेळीची जागा ठरते. इथे अर्थाचा काडीचा उपयोग नाही, हेही मान्य.

100 टाइल्समध्ये क्यू एक, यू चार आणि आय नऊ. त्यामुळे 2006 मध्ये उत्तर अमेरिकेच्या अधिकृत यादीत क्यू-आय आला तेव्हा खेळच बदलला. अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात क्यू ठेवून आडवा-उभा दोन्हीकडे क्यू-आय जुळवला तर क्यूच्या 10 चे 30 आणि आयचा 1, असे 31 अधिक 31, म्हणजे 62 गुण. उलट क्यू हातात अडकून डाव संपला तर तुमचे 10 जातात आणि डाव संपवणाऱ्याला 10 मिळतात. क्यू धरून यूची वाट बघत बसणं हा नवशिक्यांचा सर्वांत महागडा छंद आहे.

आता नायजेल रिचर्ड्स. त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. न्यूझीलंडचा हा माणूस इंग्रजीतला अनेक वेळचा जगज्जेता. 2015 च्या जुलैमध्ये बेल्जियममधल्या लूवँ-ला-नव्ह इथे त्यांनी फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद जिंकलं. फ्रेंच बोलता येत नसताना. सुमारे नऊ आठवडे फ्रेंच शब्दकोश डोक्यात भरला आणि फ्रेंच ही मातृभाषा असलेल्यांना हरवलं. नशीब म्हणावं, तर 2018 मध्ये पुन्हा जिंकले. 2024 मध्ये स्पेनमधल्या ग्रनाडात स्पॅनिशचं विजेतेपदही घेतलं, आणि स्पॅनिशही त्यांना बोलता येत नाही. अर्थ, उगम, क़ाफ, पिनयिन, मी वर मांडलेला सगळा संसार त्यांच्या विजयात कुठेच नाही. अक्षरांचे आकार, त्यांचे क्रम आणि बोर्डावरच्या जागा, बस.

यावर माझं ठरलेलं उत्तर असायचं: त्यांची स्मरणशक्ती सोडून द्या, आपलं बोला. ते अजूनही मागे घेत नाही, पण ते उत्तर कमी आणि पळवाट जास्त आहे. स्मरणशक्ती कमी म्हणून अर्थाचा आधार घ्यायचा, तर अर्थ ही कुबडी ठरते, आणि तसं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. क्यू-ए-एन-ए-टी मांडताना तो बोगदा डोळ्यांपुढे येतो याचे वेगळे गुण मिळत नाहीत, तरी तो आलेला मला हवा असतो.

तेव्हा अर्थ माहीत आहेत का, याचं उत्तर हो. खेळायला ते लागतात का, असं विचारलंत तर नवशिक्याला लागतात असं माझं मत आहे, रिचर्ड्सना लागले नाहीत हे उघड आहे, आणि मधल्या आपणा सगळ्यांचं काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.