पोळ्यांच्या डब्यातली जॉयस्टिक

दर शनिवारी पुण्याहून गावी जातो, लॅपटॉप सोबत असतोच, पण फ्लाइट सिम्युलेटरमध्ये (विमान उडवायच्या गेममध्ये) माउसने विमान उडवणं म्हणजे नुसता छळ आणि विकतची जॉयस्टिक बॅगेत मावत नाही, मग म्हटलं आपणच बनवू, फक्त आईच्या पोळ्यांच्या प्लास्टिकच्या डब्यात बसली पाहिजे.

पहिला घोळ बोर्डचा. घरात आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम टाकता येतो असा छोटा सर्किट बोर्ड) पडला होता, त्याच्याशी रात्री दोनपर्यंत झटापट केली आणि मग कळलं की हा सरळसरळ जॉयस्टिक म्हणून ओळखलाच जात नाही, त्यासाठी प्रो मायक्रो नावाचा बोर्ड लागतो, कारण त्याच्या ३२यू४ या मुख्य चिपमध्येच यूएसबी असतं. झालं, दुसऱ्या दिवशी तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. तिथून १० के (किलोओहम) चे तीन पॉट, म्हणजे फिरवलं की विद्युत रोध बदलणारे नॉब, पण उचलले आणि इथे खरी माती खाल्ली. थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा, दांडा अर्ध्यावर आणला तरी इंजिन जेमतेम कुरकुरायचं, मग शेवटच्या थोड्याशा अंतरात एकदम बोंबलायचं. दोन दिवस कोड तपासत बसलो राव! पॉटवर ए लिहिलेलं, म्हणजे लॉग, आधी हळूहळू आणि शेवटी झपकन वाढणारा, आवाजाच्या बटणासाठीचा. आपल्याला बी पाहिजे, लिनियर, सारखा वाढणारा. ते दोन्ही दिवस या एका अक्षरात गेले.

स्टिकचे पॉट १५ दिवसांत खरखरायला लागले, हात न लावता बोर्डने वाचलेला आकडा ५०५ ते ५२० नाचायचा आणि सिम्युलेटरमधल्या सेसना १७२ या छोट्या विमानाचं नाक सारखं डुलायचं. शेवटी ते काढून ४९ई हॉल सेन्सर (चुंबक किती जवळ आहे ते न शिवता ओळखणारे) टाकले, समोर छोटं चुंबक फेविक्विकने चिकटवलं, घासायला काही नाहीच तर झिजणार काय. एक चुंबक उलटं बसलं, स्टिक मागे ओढली की विमान जमिनीकडे! ते काढत बसलो नाही, सिम्युलेटरच्या सेटिंगमध्येच त्या अ‍ॅक्सिसची दिशा उलटी केली. स्टिक मध्यावर यायला स्प्रिंग जमेना, दुधाच्या पिशवीची रबरं लावली, ती अजून आहेत.

एसटीच्या पहिल्याच फेरीत प्रो मायक्रोचं यूएसबी सॉकेट उखडून हातात आलं, ते भयंकर नाजूक असतं. नवीन बोर्डवर वायर आधी डब्याला बांधली, वरून ग्लू गनचा ढीग. परवा त्याच डब्यावर सिम्युलेटरमध्ये मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरलो, तीन उड्या मारून का होईना. आई अजून डबा शोधतेय.