बी-12ची गोळी आणि बधिर झालेलं मन

कशातच मन लागत नाही, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड होते, नातवंडं अंगाखांद्यावर खेळली तरी आतून काही हलत नाही. शाकाहारी घरात अशी तक्रार आली की बी-12चा विचार व्हायलाच हवा. पुण्याच्या डॉ. याज्ञिकांच्या गटाची 2006 साली प्रसिद्ध झालेली पाहणी बघा: मध्यमवयीन पुरुषांपैकी दोनतृतीयांश जणांत ते कमी निघालं. हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून निश्चिंत राहू नका. त्याआधीच मन आणि नसा कुरकुरू शकतात.

गोळी सुरू करायच्या आधी रक्त द्या. नंतर दिलं तर आकडा वाढलेला दिसतो आणि मूळ कमतरता होती की नाही, ते कळत नाही. दर मिलिलीटर 200 पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. 200 ते 300 आलं तर होमोसिस्टीन (बी-12 कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) तपासून खात्री करावी. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवा. काही यंत्रांवर त्यामुळे बी-12 खोटंच जास्त दिसतं, थायरॉइडचा रिपोर्टही फसतो.

रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, मग गोळी 1000ची कशाला? जठरातून येणारं वाहक प्रथिन एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच उचलतं. उरलेल्यातलं जेमतेम 1 टक्का आपोआप झिरपतं. हजारातले पदरात पडतात दहा-बारा. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा अॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर अन्नातलं बी-12 आणखी कमी शोषलं जातं.

नुसतं फॉलिक अॅसिड घेऊ नका. रक्त सुधारतं, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

आकडा मुळात चांगला असेल तर या गोळीने मूड सुधारेल अशी आशा धरू नका. थायरॉइड, झोप, नैराश्य यांकडे वळा. जीव नकोसा वाटत असेल तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

आणि पाकीट उलटून वाचाच. ‘नसांची गोळी’ म्हणून मिळते तिच्यावर मिथाइलकोबालामिनच्या, म्हणजे बी-12च्याच एका रूपाच्या, शेजारी पुष्कळदा प्रीगॅबालिन 75 मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. ते व्हिटॅमिन नव्हे, नसांच्या दुखण्यावरचं औषध आहे. त्याने गुंगी येते, सुस्ती येते, कुणाकुणाला औदासीन्यही येतं, आणि दोष बिचाऱ्या बी-12ला जातो. नाव सापडलं तरी गोळी एकदम तोडू नका. झोप उडते, घालमेल होते. डॉक्टरांकडून मात्रा हळूहळू उतरवून घ्या.