घाई करणारा झोपाळा

गेल्या वर्षी सदाशिव पेठेतल्या एका कुटुंबासाठी मी सागवानी झोपाळा करून दिला. लाकूड निर्दोष होते, सांधे घट्ट होते, पैसे वेळेवर मिळाले, आणि तरीही माझ्या ३० वर्षांच्या सुतारकामात इतके चुकलेले दुसरे काम मला आठवत नाही.

त्यांचा वाडा पाडून त्या जागी इमारत उभी राहायला ४ वर्षे लागली. तेवढा काळ माजघरातला जुना झोपाळा एका गोदामात मातीच्या जमिनीवर पडून होता. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. पण या पाटाच्या एका कडेला सालीलगतचे पिवळट, कच्चे लाकूड राहून गेले होते, ते तिने आतून पोखरले होते. वरून गळणाऱ्या पाण्यामुळे कड्यांच्या बोल्टांभोवतीचे लाकूड गंजाने काळे पडून बोटाने उकरता येईल इतके मऊ झाले होते. बसणाऱ्याचे सगळे वजन त्याच ४ भोकांवर येते. तिथे ठिगळ लावून ८० वर्षांच्या आजींना त्यावर बसवायला माझे मन तयार होईना. पाट बदला, असे मी सांगितले आणि तो सल्ला मला आजही बरोबर वाटतो.

चूक झाली ती टांगण्यात. वाड्यात झोपाळा तुळईला टांगलेला होता. नव्या घरात ५ इंचांचा स्लॅब, त्याखाली प्लास्टर ऑफ पॅरिसचे खोटे छत. स्लॅबला खालून भोके पाडून फासनर मारा, असा मुलाचा आग्रह होता. मी नकार दिला. झोका ३० अंशांपर्यंत गेला, तर खालच्या टोकाला येताना कड्यांवरचा ताण स्थिर वजनाच्या सव्वा पटीहून जास्त होतो; शिवाय ही ओढ सरळ खाली नसते, ती दर झोक्याला पुढे-मागे फिरते आणि काँक्रीटमध्ये नुसत्या फुगून पकड घेणाऱ्या बोल्टाला रोज थोडी थोडी ढिली करते. स्लॅब ओतण्यापूर्वीच लोखंडी सळ्यांमध्ये अडकवून कड्या सोडल्या असत्या, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. जुन्या वाड्यांच्या जागी इमारती बांधणाऱ्यांना या घरांतून झोपाळे असतात हे पुरते ठाऊक असते, आणि तरी स्लॅब पडण्याआधी कुणीही घरातल्या माणसांना हा एक प्रश्न विचारत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

मग घराची सजावट करणाऱ्या बाईंनी स्टँडचा पर्याय सुचवला आणि मी मान डोलावली. त्या स्टँडवर मी जीव ओतून काम केले. बल्लारशाचे जुने, बारीक रेषांचे सागवान मिळवायला ३ आठवडे गेले. हल्ली परदेशातल्या लागवडीचे जे साग बाजारात येते, त्याच्या रेषा इतक्या रुंद असतात की रंधा मारतानाच हाताला फरक कळतो. पाटाला हवी तेवढी रुंद एकसंध फळी काही मिळाली नाही, म्हणून दोन फळ्या जीभ-खाच करून जोडल्या. खांबांची कुसवे, म्हणजे सांध्यात बसणारी टोके, आरपार काढून त्यांत लाकडी पाचरी ठोकल्या. एकही खिळा नाही. पॉलिश चपडा लाखेचे, सात हातांचे. स्टँडचा आढा, म्हणजे वरचा आडवा दांडा, साडेसहा फुटांवर होता, म्हणून कड्या ५ फुटांच्या नव्या केल्या आणि आवाज होऊ नये म्हणून वर बेअरिंग बसवले.

पंधरा दिवसांनी मुलाचा फोन आला की आई झोपाळ्यावर बसत नाही. मी गेलो. आजी शेजारी खुर्ची घेऊन गवार मोडत बसल्या होत्या.

“मिस्त्री, काम छान आहे, पण हा झोपाळा घाई करतो,” त्या म्हणाल्या.

मी बेअरिंग तपासले, पाणसळ लावली, चारही कड्या पुन्हा मोजल्या. कुठे सुताइतकाही फरक नव्हता. मुलगा मला दारापर्यंत सोडायला आला आणि हळू आवाजात म्हणाला, “आईचा जीव जुन्या झोपाळ्यात अडकलाय. नवीन काहीही केलं तरी तिला ते पटणार नाही.” सजावटवाल्या बाईंचेही तेच मत पडले. मलाही ते पटले, आणि हीच गोष्ट मला अजून बोचते. एक बाई साठ वर्षांच्या सवयीने, अगदी नेमक्या शब्दात, त्या जिनसाचा दोष सांगत होती आणि आम्ही तिघांनी तो तिच्या दुःखाच्या खात्यावर मांडला.

महिन्याभराने दुसऱ्याच एका कामावर दाराची चौकट उभी करताना मी ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेले वजन, सोडला. वरून सोडलेला लांब दोरीचा ओळंबा संथ हलतो आणि स्थिर व्हायला वेळ घेतो. दोरी आखूड धरली की तोच ओळंबा भराभर हलतो. हे मी शिकाऊ असल्यापासून रोज पाहत आलो आहे. त्या दिवशी दोरी हातात धरून मी तसाच उभा राहिलो.

आजींच्या जुन्या पितळी कड्या गोदामातून सुखरूप आल्या होत्या. २० इंचांचे ६ दुवे, म्हणजे एकेक कडी १० फुटांची. मी त्या कारखान्यात आणून छपराच्या कैचीला टांगल्या, पाट लावला आणि घड्याळ धरले. पुढे-मागे मिळून एक, असे १० झोके व्हायला ३५ सेकंद लागले. मग तोच पाट ५ फुटांच्या कड्यांवर टांगला. २५ सेकंद. माझ्या स्टँडवर आजींना प्रत्येक झोक्याला एक सेकंद कमी मिळत होता. वजन, लाकूड, बेअरिंग यांतले काहीही बदलून त्यात फरक पडणार नव्हता, कारण झोक्याची चाल टांगण्याच्या लांबीवर ठरते.

मी मुलाला कारखान्यात बोलावून दोन्ही झोके दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही. त्यानंतर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी नेले. त्यांनी दिवाणखान्यातल्या दोन खांबांच्या मधोमध लोखंडी चॅनल टाकायला संमती दिली, बोल्टांच्या जागा स्वतः आखून दिल्या, आणि खोटे छत तेवढ्या भागात काढावे लागले. इतके करूनही जमिनीपासून सव्वाआठ फुटांच्या आतच टांगणे शक्य होते. प्रत्येक कडीतले २ दुवे काढले आणि उरलेल्या ४ दुव्यांवर पाट टांगला. १० झोक्यांना जेमतेम २९ सेकंद झाले. ते मागचे ६ सेकंद मला त्या घरात कुठूनही आणता आले नसते.

आजी बसल्या. पायाच्या अंगठ्याने जमिनीला रेटा दिला, डोळे मिटले, आणि मी मनात आकडे मोजत उभा राहिलो. “अजून थोडी घाई आहे,” त्या म्हणाल्या, “पण आता याच्याशी जुळवून घेता येईल.” मग त्यांनी काढलेले दुवे मागितले. मी फडक्यात बांधून आणले होते. त्यांनी गाठ सोडून आठही मोजले, पुन्हा बांधले आणि पुरचुंडी मांडीवर ठेवून झोका घेतला.