काजूपासून म्पिंगोपर्यंत: आमची वाटचाल

आमचा धंदा काजूतून लाकडात आला, म्पिंगो नावाच्या काळ्या आफ्रिकी लाकडातून कोरलेल्या मूर्तींत. माझं घर वेंगुर्ल्याजवळचं, घरात दोन पिढ्या काजूचा व्यवहार. नव्वदच्या दशकात टांझानियातली काजूखरेदी खासगी व्यापाऱ्यांना खुली झाली आणि भारतातल्या कारखान्यांसाठी कच्ची बी घेणाऱ्या एका कंपनीने मला प्रत तपासायला टांझानियाच्या दक्षिण टोकाला, म्ट्वाराला पाठवलं. गोव्यात काजू आणला तो पोर्तुगिजांनी आणि मोझांबिकच्या किनाऱ्यावर आणला तोही त्यांनीच. त्यामुळे झाड ओळखीचं, बोंडूंचा वासही ओळखीचा.

हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो. पोती भरून तयार असली तरी ट्रकची वाट पाहत बसावं लागायचं. रुफिजी नदीवर तेव्हा पूल नव्हता, तो २००३ मध्ये झाला. पावसात रस्ता बंद पडला की दार-एस-सलामशी संबंध तुटलाच. अशा रिकाम्या दिवसांत मी नेवाला भागात हिंडलो आणि माकोंडे लोकांचं कोरीवकाम पाहिलं. पुढचं सगळं त्यातून आलं.

नेवाला माकोंडे पठाराच्या अगदी कडेवर वसलंय. खाली रुवुमा नदी, नदीपलीकडे मोझांबिक. तिकडेही असंच एक पठार आहे, मुएदाचं, आणि दोन्हीकडे माकोंडेच राहतात. तिथे वडीलधाऱ्या माणसाला म्झे म्हणतात. ज्यांचं काम मी पहिल्यांदा जवळून पाहिलं ते म्झे जमिनीवर पाय पसरून बसले होते, ओंडका दोन्ही तळपायांत धरलेला. म्पिंगो बाहेरून फिकट दिसतो. वाकसाचे घाव पडू लागले की साल आणि तिच्याखालचा फिकट थर उडतो आणि जांभळट काळा गाभा उघडा पडतो. वाकसानंतर पटाशी, मग कानस, शेवटी पॉलिशपेपर. कागदावर आराखडा नाही, लाकडावर खडूची खूणसुद्धा नाही. त्या ओंडक्याला एका अंगाला खोल भेग होती. तेवढा भाग ते कापून टाकतील असं मला वाटलं. त्यांनी भेग तशीच ठेवली, तिच्या दोन कडांना दोन चेहरे काढले आणि मधली पोकळी त्या दोघांमधलं अंतर झाली. माकोंड्यांत वंश आईकडून चालतो, मामाचा मान मोठा. हे काम म्झेंना त्यांच्या मामाने शिकवलेलं.

म्पिंगो आपल्या शिसवाच्याच कुळातला, पण शिसवाहून जड. पाण्यात टाकला तर तळाला जातो. क्लॅरिनेट आणि ओबो ही वाद्यं याच लाकडाची करतात. झाड तोडण्याजोगं व्हायला सत्तर-ऐंशी वर्षं सहज लागतात. भुशाने नाक चुरचुरतं, काहींच्या अंगावर पुरळ उठतं. कोरणारे म्हातारे झाले की खोकत असतात, आणि मूर्तीची किंमत करताना हे मी कधी डोळ्याआड केलेलं नाही.

हंगाम संपला की मी दार-एस-सलामला यायचो, त्याला आम्ही नुसतं दार म्हणतो. तिथे गेल्यावर कळलं की माकोंडे शिल्पकलेचं आजचं रूप मुख्यतः याच शहरात घडलंय. मुएदा पठारावरचे बरेच माकोंडे पोर्तुगीज अमलात सक्तीच्या मजुरीला आणि करांना कंटाळून रुवुमा ओलांडून आले आणि इकडच्या सिसलच्या मळ्यांत राबू लागले. घायपाताची ही जात, तिच्या वाखाचे दोर वळतात. १६ जून १९६० रोजी मुएदाला जमलेल्या लोकांवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला. १९६४ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि लोंढे वाढले. मळ्यात घाम गाळून उरलेल्या वेळात ही माणसं कोरायची आणि दारच्या दुकानदारांना मूर्ती विकायची.

या दुकानदारांत भारतीय वंशाचे मोहम्मद पीरा होते. या व्यवसायातल्या माणसाला त्यांचं नाव ठाऊक असायलाच हवं. पन्नासच्या दशकापासून त्यांनी माकोंडे कोरणाऱ्यांच्या मूर्ती घेतल्या. ठरावीक साच्याचीच मूर्ती आणा, असा हट्ट त्यांनी धरला नाही. कोरणाऱ्याच्या मनात जे येईल त्यालाही गिऱ्हाईक मिळवून दिलं. समाकी लिकान्कोआ यांनी वाकडेतिकडे, एका डोळ्याचे, अर्धे प्राणी अर्धी माणसं असे शेतानी, म्हणजे पिशाच्चं, कोरायला सुरुवात केली तेव्हा त्या मूर्ती घेणारे पीराच होते. आज जगभर माकोंडे म्हणून जी शैली ओळखतात तिचा मोठा भाग तिथून निघाला.

दुसरी शैली उजामाची. एकाच ओंडक्यात, खालपासून वरपर्यंत, एकमेकांना धरून, एकमेकांच्या खांद्यावर उभी असलेली माणसं, आणि शेंड्याला बहुतेक वेळा एक वडीलधारा. मराठी पाहुण्यांना मी सांगतो, दहीहंडीचे थर आठवा. ही शैली रुजवली रॉबर्टो याकोबो सांगवानी यांनी. पुढे १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंचा उजामा, म्हणजे कुटुंबभावाचा समाजवाद, देशभर गाजला आणि हे नाव या शिल्पांना चिकटलं. तिसरी शैली माविंगु, ढगांची. तिच्यात वळणं आणि पोकळ्याच असतात, चेहरा शोधावा लागतो. गिऱ्हाईक उजामा मागतं. माझा स्वतःचा जीव माविंगुवर आहे, कारण ओंडक्याचं म्हणणं तिच्यात सगळ्यात जास्त ऐकलेलं दिसतं.

म्वेंगेच्या कारागीर बाजारात मी तासन्‌तास बसू लागलो. तिथून जवळच माकुम्बुशोचं ग्राम-संग्रहालय आहे, जिथे वेगवेगळ्या जमातींची घरं उभी केली आहेत. दारला आलात तर दोन्ही एकाच दिवसात बघून घ्या. बाजारात एक गोष्ट मला पहिल्यापासून खुपत होती. ओळीने मूर्ती मांडलेल्या, भाव सांगितलेला, पण कोणी कोरलं ते विचारलं की विकणारा म्हणायचा, माकोंड्यांनी. आपण कोणाचं गाणं ऐकलं तर गाणाऱ्याचं नाव विचारतो. इथे अख्ख्या जमातीचं नाव सांगून काम भागवलं जात होतं.

काजूची नोकरी सोडून दारमध्ये मसासानी भागात दुकान काढलं तेव्हा बायकोने आणि मी एकच नियम ठरवला. ज्या वस्तूच्या करणाऱ्याचं नाव आम्हाला ठाऊक नाही ती दुकानात ठेवायची नाही. हिशेब सुरुवातीपासून ती बघते. तिने लांबट खतावणी घेतली आणि प्रत्येक मूर्तीसाठी एक ओळ: कोरणाऱ्याचं नाव, त्याचं मूळ गाव, लाकूड, आम्ही दिलेले पैसे, तारीख. गिऱ्हाइकाला मूर्तीसोबत याच ओळीची चिठ्ठी मिळते, आम्ही दिलेल्या पैशांसकट. आमचा नफा गिऱ्हाइकाला दिसतो, याला सुरुवातीला आमच्या ओळखीच्या व्यापाऱ्यांनी वेडेपणा म्हटलं. मला तो आजही या धंद्यातला सगळ्यात सरळ व्यवहार वाटतो. मूर्ती विकली गेल्यावर पैसे, ही पद्धतही आम्ही ठेवली नाही. मूर्ती दुकानात येते तेव्हाच पैसे जातात. कोरणाऱ्याने महिनाभर खपून केलेलं काम आमच्या फळीवर पडून राहिलं तर तो बोजा आमचा.

एकदा एका हॉटेलकडून मोठी ऑर्डर आली. सगळ्या मूर्ती एकाच मापाच्या हव्या होत्या आणि तळावर कोरलेली नावं घासून काढायची होती, पाहुण्यांना ती विचित्र दिसतात म्हणून. आम्ही नाही म्हणालो. त्या वर्षी हात तंग होता, तरी घरात त्यावर वाद झाला नाही.

जुन्या वस्तूंबद्दल मात्र आम्हाला रोज बोलावं लागतं. येणाऱ्या दहांतले निम्मे विचारतात, काही जुनं आहे का, नाचात वापरलेला मुखवटा आहे का. माकोंड्यांचा लिपिको मुखवटा, अनेकवचनी मापिको, डोक्यावर शिरस्त्राणासारखा चढवतात आणि नाचणारा त्याच्या तोंडाच्या फटीतून बघतो. त्याला खऱ्या माणसाचे केस चिकटवलेले असतात, गालावरचं गोंदण मेणाच्या उंच रेघांनी काढलेलं असतं, स्त्रीच्या मुखवट्याला वरच्या ओठात चकती. मुलगे-मुली दीक्षा घेऊन मोठी झाली की हा नाच होतो. मुखवटा गावाबाहेर, बायकांच्या आणि दीक्षा न घेतलेल्यांच्या नजरेआड कोरतात आणि तो हलक्या लाकडाचा असतो, कारण तो डोक्यावर घेऊन नाचायचं असतं. म्हणून कोणी तुम्हाला काळ्या, जड म्पिंगोचा मुखवटा नाचातला म्हणून दाखवला तर तिथेच थांबा. तो शोभेसाठीच केलेला आहे. शोभेची वस्तू म्हणून घ्यायला हरकत काहीच नाही, तिच्या अंगावर खोटं आयुष्य चढवायला आहे. मातीत पुरून, धुरात धरून, बुटाचं पॉलिश चोळून नवा मुखवटा पन्नास वर्षांचा करणारे लोक आहेत, आणि त्यांना ते करायला लावतो तो आपला जुनेपणाचा हव्यासच.

खरोखर जुना, खरोखर नाचातला मुखवटा समोर आला तर? आम्ही तो घेत नाही. १९८४ मध्ये दारच्या राष्ट्रीय संग्रहालयातून एक माकोंडे मुखवटा चोरीला गेला. पुढच्याच वर्षी तो जिनिव्हाच्या बार्बिए-म्यूलर संग्रहालयाने विकत घेतला. १९९० मध्ये एका इटालियन प्राध्यापकाने तो ओळखला, आणि परत यायला २०१० साल उजाडलं. संग्रहालयातल्या, नोंद असलेल्या वस्तूची ही कथा. गावातून गेलेल्या, कुठेच नोंद नसलेल्या मुखवट्याला कोण ओळखणार? केनियाच्या किनाऱ्यावर मिजिकेंडा लोक गोहू नावाच्या त्यांच्या मानाच्या मंडळातल्या दिवंगतांच्या स्मरणार्थ कोरीव लाकडी खांब उभारतात, त्यांना विगांगो म्हणतात. ते खांब चोरून अमेरिकेतल्या संग्रहांपर्यंत विकले गेले, काही गेल्या वीस वर्षांत परत येऊ लागलेत. आपल्याकडच्या वीरगळांशी आणि देवळातल्या मूर्तींशी हे याआधी झालेलं आहे, त्यामुळे मराठी माणसाला मला हे फार समजावून सांगावं लागत नाही. टांझानियात १९६४ पासून पुरावस्तूंचा कायदा आहे आणि परवान्याशिवाय अशा वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. कायदा नसता तरी आम्ही घेतल्या नसत्या.

२०१७ च्या जानेवारीपासून म्पिंगोसकट या कुळातली जवळजवळ सगळी झाडं साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात गेली. परदेशी पाठवायच्या लहानशा मूर्तीलाही कागद लागू लागले, पार्सलं आठवडेच्या आठवडे अडकली. २०१९ च्या अखेरीस तयार वस्तूंना एका खेपेत १० किलो लाकडापर्यंत सूट मिळाली आणि लहान व्यापारी वाचले. तरीही नियम आला ते चांगलंच झालं असं मी मानतो. म्पिंगो बेसुमार तुटत होता. किलवा जिल्ह्यातल्या गावांनी स्वतः जंगल राखून २००९ मध्ये त्याला एफएससी प्रमाणपत्र, म्हणजे जंगल नीट राखल्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, मिळवलं. तिथला ओंडका महाग पडतो, पण कुठून आला ते कळतं. आमच्या खतावणीत लाकडाच्या रकान्यात आता जंगलाचं नावही लिहितो.

केनियातले कांबा कोरणारे या बाबतीत आमच्या पुढे गेलेत. त्यांच्यात हे काम आणलं मुतिस्या मुंगे यांनी. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीवर होते, तिथे शिकले आणि केनियातल्या वामुन्यु गावी परतून गाव कामाला लावलं. कोरायला वापरायच्या मुहुगूची झाडं संपत चालली तेव्हा त्यांच्यातले अनेक जण कडुनिंब, आंबा, जॅकरांडा अशा लावलेल्या, भराभर वाढणाऱ्या लाकडांकडे वळले. आम्ही आता कडुनिंबाच्या मूर्तींनाही दुकानात जागा देतो. गिऱ्हाइकाला काळा रंगच हवा असतो, समजावताना वेळ जातो.

२०२० मध्ये पर्यटक थांबले, तेव्हा भारतातल्या आणि आखातातल्या मराठी, गोवेकर गिऱ्हाइकांनी आम्हाला तारलं. त्याहून मोठी काळजी रुवुमापलीकडची आहे. मोझांबिकच्या काबो देल्गादो प्रांतात २०१७ पासून हिंसाचार चाललाय, लाखो लोकांना घर सोडावं लागलं. आमच्याकडे मूर्ती देणाऱ्या अनेकांची माणसं तिकडे आहेत. मूर्तीचे पैसे घेऊन तसेच फोनवरून पलीकडे पाठवणारे कोरणारे मी दुकानात उभे पाहिलेत. अशा वेळी घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी स्पष्ट सांगतो की भाव कमी होणार नाही, आणि का होणार नाही तेही सांगतो.

मुंबई, गोवा, पुणे इथल्या कित्येक घरांत पूर्व आफ्रिकेत नोकरी केलेल्या आजोबांनी किंवा काकांनी आणलेली एखादी काळी मूर्ती शोकेसमध्ये असते. तिचा फोटो आम्हाला पाठवा, त्याचे पैसे आम्ही घेत नाही. पुढून एक, मागून एक आणि तळाचा एक. तळ महत्त्वाचा, कारण नाव तिथे असतं, कधी पटाशीने, कधी खिळ्याने ओरखडलेलं. तळावर कुठे फिकट पिवळसर लाकूड दिसतं का तेही बघा, खऱ्या म्पिंगोत अनेकदा कडेला तो पट्टा राहतो. दारच्या दमट हवेतली मूर्ती नागपूर-सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तडकते, म्हणून ती एसीच्या झोतात किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका. खोबरेल किंवा कोणतंही तेल लावू नका. वर्षातून एकदा मधमाशीच्या मेणाचा पातळ हात द्या आणि सुती फडक्याने पुसा. नाव वाचता येत नसेल तर त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा आणि तो कागदही फोटोसोबत पाठवा. खतावणीतल्या नावांशी आम्ही ताडून बघतो.