आडेले गेली, अमाली राहिली

शनिवार, रात्री उशिरा

आज आईला घेऊन व्हिएन्नाचा बेल्वेडेर राजवाडा बघून आले. आईची अख्खी नोकरी सब-रजिस्ट्रार ऑफिसात गेली, दस्त, मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं हेच बघत, त्यामुळे कुठलीही वास्तू दिसली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, हे कोणाच्या नावावर आहे? आणि आज तो प्रश्न इतका कामी आला की मी आधी वाचून ठेवलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि दिवसभर तिच्या प्रश्नांच्या मागे मागे फिरले.

तर नाव पहिलं प्रिन्स युजीनचं. जन्म पॅरिसचा, १६६३ चा, पण फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने त्याला फौजेत घ्यायला नकार दिला म्हणून हा पठ्ठ्या ऑस्ट्रियाच्या बादशहाकडे गेला आणि तिथे सगळ्यात मोठा सेनापती झाला, १६९७ ला झेंटाच्या लढाईत तुर्कांचा धुव्वा उडवला. पैसा आला, मान आला, मग शहराबाहेरच्या उतारावर हिल्डेब्रांट नावाच्या वास्तुविशारदाकडून उन्हाळ्यात राहायला दोन महाल बांधून घेतले, खालचा १७१६ ला झाला आणि वरचा, जिथे आता मुख्य म्युझियम आहे, तो १७२३ ला. मधे ही लांबलचक उतरती बाग, कारंजी, दगडी स्फिंक्स. वरच्या महालापाशी उभं राहिलं की बागेच्या पलीकडे अख्खं जुनं व्हिएन्ना समोर दिसतं, तिथून आई बराच वेळ हललीच नाही.

युजीनने लग्न केलं नाही. १७३६ ला गेला, आणि मृत्युपत्र न करताच गेला. हे ऐकून आई चालता चालता थांबली, "एवढा मोठा माणूस आणि कागद केला नाही?" नाही केला. सगळं एका पुतणीकडे गेलं आणि तिने एकेक करून विकायला काढलं. महाल १७५२ ला ऑस्ट्रियाची महाराणी मारिया थेरेसाने विकत घेतला, नंतर बादशाही चित्रसंग्रह इथे आणून लोकांना बघायला खुला केला, म्हणजे अठराव्या शतकातच इथे सामान्य माणूस चित्रं बघायला येत होता, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पुढे १९१४ पर्यंत युवराज फ्रान्झ फर्डिनांड इथेच राहायचा, तोच तो, साराजेव्होला ज्याचा खून झाला.

आत शिरल्यावर तळमजल्याला एक दालन आहे, साला तेरेना म्हणतात. छताला चार दगडी पुरुष खांद्यावर घेऊन उभे आहेत, मान खाली, दंड ताणलेले, आणि वर छतभर पांढरं नक्षीकाम. मूळ बांधकामात हे नव्हतेच! छत खाली येईल अशी भीती निर्माण झाली म्हणून १७३२-३३ च्या सुमारास हे चार खांब घातले, आणि टेकू द्यायचाच आहे तर असा दिला. आता पूर्ण महालातली मला सगळ्यात आवडलेली जागा तीच. मी एकाच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं, खरंच वजन पेलतोय असं वाटतं, आणि तो पेलतोच आहे की.

वर मार्बल हॉल. तांबूस संगमरवर, उंचच्या उंच, छतावर रंगवलेलं आकाश. १५ मे १९५५ ला इथे ऑस्ट्रियाच्या स्वातंत्र्याच्या करारावर सह्या झाल्या, त्याआधी दहा वर्षं देश अमेरिका, रशिया, ब्रिटन आणि फ्रान्स या चौघांच्या ताब्यात होता. परराष्ट्रमंत्री फिगल यांचे "ऑस्ट्रिया स्वतंत्र झाला" हे शब्द इथलेच, शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात म्हणे. आई म्हणाली, "म्हणजे देश परत नावावर झाला." अगदी तसंच.

मग चित्रकार क्लिम्ट. त्याच्या "द किस" या चित्रासमोर गर्दी असणारच होती, मोबाइल वर धरलेले हात आणि त्यातून दिसणारं सोनं, पण थांबलो आम्ही, थोडी फट मिळाली की पुढे सरकत. जवळून बघताना माझी नजर तिच्या पावलांवर गेली. फुलांचा गालिचा जिथे संपतो तिथेच ती गुडघ्यावर बसली आहे, आणि पायाची बोटं त्या कडेला घट्ट वळलेली, चेहरा इतका शांत आणि बोटं अशी. छापील चित्रांत हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. हे चित्र १९०८ च्या प्रदर्शनातून सरकारने २५,००० क्रोनन (तेव्हाचं तिथलं चलन) देऊन सरळ विकत घेतलं, तेव्हा तर ते पूर्णही झालं नव्हतं. आईचं समाधान झालं, व्यवहार स्वच्छ आहे म्हणाली.

आडेलेचा व्यवहार स्वच्छ नव्हता. आडेले ब्लॉख-बाउअरचं क्लिम्टने काढलेलं ते सोनेरी चित्र, १९०७ चं, वर्षानुवर्षं बेल्वेडेरची शान होतं, आता न्यूयॉर्कला नॉये गॅलरीत आहे. आडेले १९२५ ला वारली, तिने मृत्युपत्रात नवऱ्याला लिहून ठेवलं होतं की तुमच्या पश्चात माझी चित्रं ऑस्ट्रियाच्या गॅलरीला द्यावीत. नवरा फर्डिनांड, ज्यू, १९३८ ला नाझी आल्यावर जीव घेऊन पळाला, मागे राहिलेली मालमत्ता नाझींनी गिळली, चित्रं विखुरली, काही या गॅलरीत आली. तो १९४५ ला झ्युरिकला वारला आणि त्याने सगळं आपल्या पुतण्या-पुतणीच्या नावे केलं होतं. गॅलरी मात्र युद्धानंतरही आडेलेच्या कागदाकडे बोट दाखवत राहिली.

आईने बाकावर बसून हे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "चित्रांचे पैसे कोणी दिले होते?" नवऱ्याने. "मग त्याच्या मालकीची. तिने विनंती केली असेल, विनंतीने मालकी फिरत नाही." अगं आई, २००६ च्या जानेवारीत लवादाने हेच सांगितलं! फर्डिनांडची पुतणी मारिया आल्टमन यासाठी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत लढली, २००४ ला तिथे दावा चालवायची वाट मोकळी झाली, पुढे दोन्ही बाजूंनी लवाद मान्य केला आणि क्लिम्टची पाच चित्रं तिला आणि इतर वारसांना मिळाली. मारियाबाईंचं वय तेव्हा ८९.

मला हे सारखं टोचत राहिलं. १९५५ ला याच इमारतीत स्वतःचा देश परत मिळाल्याचा आनंद झाला, आणि दुसऱ्याच्या घरातून ओरबाडलेली चित्रं परत करायला अजून ५० वर्षं लागली, तीसुद्धा कोर्टात खेचल्यावर. आडेले इथे नाही हेच योग्य आहे, मला तिची उणीव अजिबात वाटली नाही.

आणि मग अमाली. अमाली झुकरकांडलचं चित्र, क्लिम्ट फेब्रुवारी १९१८ ला गेला म्हणून अर्धवट राहिलेलं. चेहरा आणि खांदे पूर्ण, ती थेट आपल्याकडे बघते, आणि खाली झगा म्हणजे नुसत्या रेघा, खालचा कॅनव्हास तसाच उघडा. गर्दी अजिबात नव्हती. या अमालीला १९४२ ला नाझींनी मारलं. हे चित्रही एके काळी फर्डिनांड ब्लॉख-बाउअरकडेच होतं, यावरही दावा झाला, पण लवादाने हे परत द्यायला नको असं ठरवलं, म्हणून ती राहिली. कारणं होती, चित्र मधल्या काळात फर्डिनांडच्या हातून अमालीच्याच कुटुंबाकडे गेलं, मग विकलं गेलं, शेवटी १९८८ ला गॅलरीला भेट म्हणून आलं. पण १९३८ नंतर व्हिएन्नातल्या एका ज्यू कुटुंबाने केलेली विक्री, तिला मी राजीखुशीची विक्री कशी म्हणू? मी आईला म्हटलं, हा निकाल चुकला. आई म्हणाली असं एकदम म्हणू नये, मधले कागद काय होते ते बघितल्याशिवाय नाही, पण वाक्य पूर्ण करतानाच ती परत त्या चित्रापाशी गेली आणि खालची माहितीची पाटी मला पुन्हा वाचायला लावली, जर्मन नको, इंग्रजी वाच म्हणाली, हळू वाच.

परतताना डी ट्राममध्ये तेच चाललं होतं आमचं, जागा होती तरी उभ्यानेच. जेवण झाल्यावर तिने चष्मा लावला आणि विचारलं, त्या अमालीच्या लवादाचा निकाल इंग्रजीत कुठे वाचायला मिळेल का गं. शोधतेय.