भाजणी कुठे मिळते?

ठाण्याहून वाशीला निघालेली दुपारची लोकल. शेजारच्या बाईंनी मोबाइलवर टाइप केलं, 'ठाण्यात चकल्यांची भाजणी कुठे मिळते', आणि बोट उचलायच्या आत दुकानं हजर!

एवढ्यात कुणी सगळं इंटरनेट पालथं घालून आलं की काय? छे! शोधाशोध आधीच उरकलेली असते. गूगलसारख्या सर्च इंजिनांचे क्रॉलर नावाचे प्रोग्राम लिंकमागून लिंक पकडत दिवसरात्र पानं गोळा करतात आणि त्यांची सूची बनते, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. शब्द, तो कुठल्या पानावर आणि कितव्या जागी. जागाही टिपलेली असते, म्हणून अवतरणचिन्हांत घातलेले शब्द त्याच क्रमाने सापडतात.

'ठाणे'ची यादी लांबलचक. त्यात राज्यातलं एकूण एक पोलीस ठाणंही आलं. 'भाजणी'ची आखूड. म्हणून आखूड यादी आधी घ्यायची आणि लांब यादीशी ताडून पाहायची. दुर्मीळ शब्दाला वजन जास्त, हे ब्रिटिश संगणकतज्ज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं. 'कुठे' बिचारा जवळपास बिनकामाचा. मग कुठलं पान वर, कुठलं खाली? त्यासाठी १९९८ मध्ये गूगलचे संस्थापक पेज आणि ब्रिन यांनी पेजरँक मांडला: कोण कोणाला लिंक देतं, आणि देणारा स्वतः किती वजनदार. दुकानांच्या बाबतीत मात्र फोन कुठे आहे यालाच जास्त भाव.

खरी कसोटी मराठीचीच, कारण सूचीशी जुळवायला शब्दाचं मूळ रूप काढावं लागतं. इंग्रजीत शब्दाच्या शेवटचा एस उडवला की बरंच काम भागतं. आपल्याकडे 'ठाण्यात'मधला 'त' कापला तरी 'ठाण्या' उरतं; त्याचं परत 'ठाणे' करायचं. 'चकल्यांची'ची 'चकली' करायची. कापाकापी कमी पडली तर निम्मी पानं हुकतात. जास्त झाली तर 'परात'चा 'परा' होतो आणि भलतंच काही समोर येतं.

आणि युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं मराठी? पडद्यावर सुबक, आत नुसती रोमन अक्षरांची खिचडी. क्रॉलर तेच वाचतो आणि पुढे जातो. स्कॅन केलेल्या पानातली अक्षरं आधी ओळखावी लागतात, आणि जोडाक्षरांपाशी यंत्र अडखळतं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. तिथलं पुस्तक निदान कपाटातून काढून हातात तरी घेता येतं. जुन्या फाँटमधलं पान कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणेपर्यंत नेटवर असून नसल्यासारखं.